गुलबक्षी: बाजारात न मिळणारं फूल

पागोळी

मोगरा, शेवंती, अबोली, सोनचाफा, निशिगंध... फुलवाल्याकडे काय मिळत नाही? पण गुलबक्षी विकायला ठेवलेली कुणी पाहिली आहे का? मी दादरच्या फूलबाजारात पाहिली नाही, पुण्याच्या मंडईत पाहिली नाही, गावच्या आठवडी बाजारातही नाही. कारण उघड आहे. फूलबाजार भरतो पहाटे आणि गुलबक्षी उमलते संध्याकाळी पाच-साडेपाचला. रात्रभर फुललेली असते, सकाळी ऊन चढलं की मिटली. टोपलीत भरून न्यायची म्हटलं तर पोचेपर्यंत मलूल. त्यामुळे या फुलाचा भाव कधी ठरलाच नाही. ज्याच्या परसात आहे त्याच्याकडे भरभरून, नसेल त्याने शेजारी जाऊन मागायची. मला तिचं हेच सगळ्यात आवडतं.

साताऱ्याला आमच्या माहेरच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेली तिची रांग होती. राणी रंगाची, पिवळी, पांढरी, आणि एक झाड असं की पिवळ्या फुलावर राणी रंगाचे शिंतोडे. त्यातही दोन फुलं सारखी नाहीत. एखादं अर्धं पिवळं अर्धं राणी, एखाद्यावर एकच बारीक रेघ.

प्राजक्ताला सत्यभामा-रुक्मिणीची कथा आहे, कमळावर लक्ष्मी बसते, जास्वंद गणपतीची. गुलबक्षीला पुराणात जागा नाही. माझ्या लेखी ती दिवेलागणीचं फूल आहे. अंगणात पाणी मारून झालं आहे, पोरं हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसली आहेत, त्या वेळेचं. तुमच्याकडे तिला काय मान आहे? देवाला वाहता? केसात माळता? की कुंपणाला नुसती वाढू देता?

खडीसाखर

अगदी जिव्हाळ्याचा धागा! आमच्या वाड्यात घड्याळ बघायची गरजच नव्हती. गुलबक्षी उमलली की दूधवाला येणार आणि आई हाक मारणार. श्रावणात आभाळ भरून आलं की ती चार वाजताच उमलायची, आणि आम्ही खेळ टाकून उगाच घरी पळायचो.

दुपारतिन्ही

देवाला नाही. आमच्या आजीचा दंडक होता की सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपतात. आणि गुलबक्षी उमलणार त्याच सुमाराला! मग ती देवापर्यंत पोचणार कशी? सकाळच्या पूजेच्या परडीत जास्वंद, तगर, कण्हेर. गुलबक्षी पोरींच्या केसात. अशी वाटणीच होती घरात.

रानजाई

दुपारतिन्ही, आमच्याकडे उलट आहे. गौरी जेवतात त्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला दोघींनाही गुलबक्षीचीच वेणी. सकाळी बाजारातला गजरा असतोच, पण संध्याकाळी तो काढून घरची वेणी घालायची. सूर्य मावळायच्या आत, फुलं अर्धी उमलली असतानाच तोडायची, म्हणजे आजीचाही दंडक मोडत नाही. सासूबाई म्हणतात, माहेरवाशिणीला विकतचं कशाला, घरचं द्यावं.

बेसॉल्ट

सगळे कौतुक करताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गुलबक्षी बागेत आणू नये. एकदा आली की जात नाही. वरचं झाड उन्हाळ्यात वाळतं, आपल्याला वाटतं संपलं. खाली मुळ्याएवढं काळं कंदासारखं मूळ शाबूत असतं. पहिल्या पावसाला फुटवा. शिवाय बी पडून आजूबाजूला रोपांची गादी तयार होते. माझ्या मिरच्या आणि गवती चहा तिने दाबून टाकले. मूळ खणून काढायला टिकाव लागला, कुदळीने भागलं नाही.

आणि एक मुद्दा. हे झाड आपलं नाही. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं आहे. इंग्रजीत त्याला पेरूचा चमत्कार म्हणतात. पुराणात नसणारच.

चिंचोका

बेसॉल्टशेठ, त्या न्यायाने मिरच्यासुद्धा उपटा. त्याही तिकडूनच आल्या.

मांडवी

चिंचोका, अगदी. आणि मिरचीच कशाला, देवळातली फुलं बघा. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या आवारात हमखास असणारा पांढरा देवचाफाही अमेरिका खंडातलाच. आम्हा गोयंकारांना याचं नवल नाही. काजू, अननस, पपई, पेरू सगळं जहाजांतून आलं आणि आता त्याशिवाय आमचं अंगण पुरं होत नाही. गुलबक्षी 16 व्या शतकात युरोपात पोचली होती, पुढे दर्यावर्दींबरोबर आशियाभर झाली. 1753 साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिचं शास्त्रीय नाव नोंदवलं तोवर ती जगभरच्या बागांत रुळलेली होती. झेंडूला आपण तोरणात बसवलं, निशिगंधाला हारात. गुलबक्षीला कुठे बसवलं नाही, तर ती स्वतःच विहिरीच्या काठाला जाऊन बसली.

सुईदोरा

वेणीचा विषय निघालाच आहे तर कृती लिहिते, कारण हल्लीच्या मुलींना ही वेणी माहीत नाही. सुई नको, दोरा नको.

फुलं पूर्ण उमलायच्या आत, टोक जरा सैल झालं की तोडायची. फुलाच्या खाली लांब नळी असते, दीड-दोन इंचांची, आणि नळीच्या बुडाशी हिरवी गाठ. ती गाठ खुडायची नाही. गाठीने पेड अडतो, सुटत नाही. तीन फुलं घेऊन नळ्यांची तिपेडी सुरू करायची. एक वळण झालं की डावीकडून नवं फूल, त्याची नळी मधल्या पेडात मिळवून टाकायची. पुढच्या वळणाला उजवीकडून. पेड फार ओढायचा नाही, नळी नाजूक असते, दाबली की ओली होते आणि बोटांना रंग लागतो. तळहाताएवढी वेणी झाली की शेवटच्या नळ्यांना दूर्वेची गाठ. विणताविणताच फुलं पूर्ण उमलतात. हातातली वेणी आपोआप फुगत जाते, हे बघण्यासारखं असतं. रात्री निजेपर्यंत छान राहते.

रंग लावण्यातही गंमत आहे. दोन राणी, एक पिवळं, पुन्हा दोन राणी अशी लावली की लांबून पैठणीचा काठ वाटतो.

खडीसाखर

सुईदोरा, कानातली राहिली! हिरवी गाठ हलकेच खाली ओढायची, आतला बारीक धागा बाहेर येतो, फूल त्याला लोंबतं. गाठ कानाच्या पाळीमागे खोचायची. भोंडल्याला आम्ही सगळ्या अशाच नटून जायचो. धागा तुटला की परत झाडाकडे.

जनुकराव

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. गुलबक्षी माझ्या विषयातली थोर व्यक्ती आहे.

आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचं विस्मृतीत गेलेलं काम 1900 साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक कार्ल कोरेन्स हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने गुलबक्षीवर काम केलं. मेंडेलच्या वाटाण्यात जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला की पहिली पिढी सगळी जांभळी. एक रंग दुसऱ्याला झाकतो. गुलबक्षीत लाल आणि पांढरीचा संकर केला की पहिली पिढी गुलाबी! कुणीच कुणाला झाकत नाही. आणि त्या गुलाबी झाडांचा आपसात संकर केला की पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी 1:2:1 या प्रमाणात. अपूर्ण प्रभाविता हा धडा बारावीला शिकवताना मी वर्गात फुलंच घेऊन जातो. सकाळचं कॉलेज असल्यामुळे फुलं पहाटे तोडून ओल्या रुमालात गुंडाळावी लागतात.

दुसरं काम त्याहून मोठं. काही गुलबक्षींची पानं हिरवी-पांढरी असतात. एकाच झाडावर एखादी फांदी पूर्ण हिरवी, एखादी पूर्ण पांढरट, एखादी चितकबरी. कोरेन्सने 1909 साली दाखवलं की पुढच्या रोपाची पानं कशी होणार हे फक्त फूल कोणत्या फांदीवरचं आहे त्यावर ठरतं. पराग कुठलाही आणा, फरक पडत नाही. म्हणजे हा गुण केवळ आईकडून येतो. कारण हरितद्रव्याची लवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, बीजांडातून पुढे जातात, परागातून नाही. सगळा वारसा पेशीच्या केंद्रकात नसतो, हे ज्या झाडांनी पहिल्यांदा दाखवलं त्यांत आपली मोरीवरची गुलबक्षी आहे.

पागोळी

सर, अंगावर काटा आला. माझ्या शिंतोडेवाल्या झाडाचं काय? तिथे एकाच झाडावर दोन रंग कसे?

जनुकराव

पागोळीताई, ते वेगळं प्रकरण आहे. तिथे जनुकाचे काही तुकडे आपली जागा सोडून उडी मारतात. रंग तयार करणाऱ्या जनुकात असा तुकडा घुसून बसला की तो रंग बंद, निघून गेला की त्या पेशीपासून वाढलेल्या भागात रंग चालू. फूल लहान असताना उडी मारली तर मोठा पट्टा, उशिरा मारली तर बारीक ठिपका. म्हणून तुम्हाला दोन फुलं सारखी दिसली नाहीत.

रंगद्रव्यंही वेगळी. जास्वंद, गोकर्ण यांच्यातली इथे नाहीत. गुलबक्षीत बीटातली, लाल माठातली असतात. बोगनवेल तिची सख्खी नातेवाईक, एकाच कुळातली. दोघींमध्ये एक गंमत समान आहे: ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीत. बोगनवेलीत ती रंगीत पानं, गुलबक्षीत तो रंगीत निदलपुंज, म्हणजे एरवी पाकळ्यांखाली हिरवा असणारा भाग. 2005 साली स्पेनमधल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं की गुलबक्षीच्या फुलातलं पिवळं द्रव्य निळ्या प्रकाशात हिरवट चमकतं, आणि जांभळं द्रव्य ती चमक शोषतं. त्यामुळे शिंतोड्यांच्या फुलावर आपल्याला सहज न दिसणारी नक्षी उमटते.

बेसॉल्ट

माहिती उत्तम आहे सर. तरी मिरच्यांचं नुकसान झालं ते झालंच.

रानजाई

बेसॉल्ट, खतपाणी असलेल्या वाफ्यात लावली की ती माजणारच. तिची जागा कुंपणालगत, नळाखाली, जिथे दुसरं काही नीट येत नाही तिथे. फुलं मिटल्यावर हिरवं बी धरतं तेव्हाच खुडलं तर पसरतही नाही. काळं होऊन गळेपर्यंत थांबलात तर पुढच्या वर्षी तुमच्या नशिबी टिकाव.

कषाय

थोडी सावधगिरीची गोष्ट. बी अगदी काळ्या मिऱ्यासारखं दिसतं, मुलं भातुकलीत घेतात. बी आणि मूळ दोन्ही विषारी आहेत, पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात. लहान मूल किंवा कुत्रा घरात असेल तर लक्ष ठेवा.

गळवावर गुलबक्षीची पानं गरम करून बांधायची पद्धत घरोघरी होती. माझ्याकडे येणारी वयस्कर मंडळी अजून सांगतात. पण मधुमेह असेल, ताप असेल, गळू चेहऱ्यावर असेल तर पानात वेळ घालवू नका, दाखवायला या. मूळ उगाळून पोटात घेण्याचे सल्ले फिरत असतात, ते अजिबात करू नका.

ओसाकावासी

जपानमध्ये राहते. इथे गुलबक्षी रस्त्याकडेला, कालव्याच्या भिंतीलगत आपोआप उगवते. पहिल्यांदा दिसली तेव्हा सायकल थांबवून उभी राहिले. इथल्या मुलींचा खेळही आहे: काळं बी फोडायचं, आतली पांढरी भुकटी गालाला लावायची आणि नटायचं. फुलाचं जपानी नावही त्या पांढऱ्या पावडरीवरूनच आहे. आपल्याकडे केसात, इकडे गालावर. बारा गावच्या मुलींना ते फूल बघून नटावंसंच वाटलं.

हडसनकाठ

न्यू जर्सीत थंडीने मूळ जमिनीत कुजतं. त्यामुळे दरवर्षी मे महिन्यात बी लावते. रात्रभर पाण्यात भिजवलं की आठवडा-दीड आठवड्यात उगवतं. शेजारच्या आजोबांनी दुसरी युक्ती सांगितली: पहिल्या हिमाआधी मूळ खणून काढायचं, माती झाडून खोक्यात भुशात ठेवायचं, डेलियाचं ठेवतात तसं. गॅरेजमध्ये ठेवलं, वसंतात लावलं, झाड दुप्पट जोमाने आलं.

भारतातून बी आणू नका बरं, परवानगीशिवाय चालत नाही. इथे 'फोर ओ'क्लॉक' नावाने पाकीट मिळतं. उन्हाळ्यात साडेआठला अंधारतं तेव्हा मोठे पतंग येतात, फुलासमोर हवेतल्या हवेत थांबून लांब सोंड नळीत घालतात. माझी मुलगी त्यासाठी जेवण लांबवते.

जनुकराव

हे पतंग म्हणजे हॉक मॉथ. त्यांच्यासाठीच ही संध्याकाळची वेळ, ही लांब नळी आणि हा वास. आणि पतंग आलाच नाही तरी झाड अडत नाही. सकाळी फूल मिटताना आतले पुंकेसर आणि कुक्षी एकत्र वळून गुंडाळले जातात, पराग कुक्षीला लागतो आणि बी धरतं. म्हणून जवळजवळ प्रत्येक फुलामागे एक बी दिसतं.

दुपारतिन्ही

रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. 'गुलबक्षी' म्हटलं की साडीच्या दुकानात लगेच नेमकी छटा काढून देतात. राणीपेक्षा जराशी खोल, जांभळीकडे झुकणारी. माझ्या लग्नात शालूचा रंग सांगायला आईने दुकानात फूल नेलं नाही, नुसता शब्द सांगितला. आता नव्या मुलींना 'मजेंटा' सांगावं लागतं. फूल परसातून गेलं की रंगही हळूहळू जिभेवरून जातो.

चिंचोका

परसच गेलं हो. आमची चाळ पाडून बावीस मजली झाली. खाली 'लँडस्केप' आहे, म्हणजे एकाच उंचीला कापलेली हिरवी झुडपं आणि शोभेचे ताड. वास कशालाच नाही. मी बाल्कनीत लावली आहे, बारा इंची कुंडीत. माणसाच्या कमरेएवढी होते, फुलंही येतात.

खडीसाखर

चिंचोका, कुंडी किती खोल? माझी पानंच पानं, फुलं मोजकी.

चिंचोका

खोल हवी, मूळ खाली जातं. आणि ऊन? पश्चिमेचं मिळत असेल तर उत्तम. शेणखत फार घालू नका, नुसता पाला माजतो. पावसाळा संपता संपता शेंडे खुडा, फांद्या फुटतील, फुलं फांदीच्या टोकालाच येतात.

मांडवी

पागोळीच्या मूळ प्रश्नाकडे येते, तो बाजूलाच राहिला. तिला काय मान? माझ्या आजेसासूबाईंनी नव्वदीत अंथरूण धरलं. खिडकीबाहेर विहीर, विहिरीकडेला गुलबक्षी. त्यांना वेळेचं भान राहिलं नव्हतं, सकाळ-संध्याकाळ गोंधळ व्हायचा. पण वास आला की म्हणायच्या, "दिवो लायात गो." बाकी नावं, नाती सगळं पुसलं गेलं तरी हे शेवटपर्यंत चुकलं नाही. मी देवाला गुलबक्षी वाहत नाही, पण दिवा लावताना खिडकी उघडी ठेवते.

रानजाई

मांडवी, किती सुंदर. आणि मला वाटतं दुपारतिन्ही आणि मी, आमच्या दोन घरच्या रीती एकमेकींविरुद्ध नाहीतच. तिच्याकडे पोरींच्या केसात, आमच्याकडे माहेरवाशिणीच्या. गौर तरी दुसरी कोण?

दुपारतिन्ही

हे पटलं. यंदा गौरींना वेणी घालणार. सुईदोरा, दूर्वेची गाठ नीट जमत नाही, सुटते. फोटो टाकाल?

सुईदोरा

दूर्वा आधी जरा कोमेजू द्या, मग तुटत नाही. फोटो संध्याकाळी टाकते, आत्ता झाडावर सगळ्या मिटलेल्या आहेत.

बेसॉल्ट

एक विचारायचं होतं. माझ्याकडे सगळी राणी रंगाचीच आहे. पिवळी कुणाकडे आहे का? कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात लावीन म्हणतो. वाफ्यात नाही.

पागोळी

माझ्याकडे आहे, पाठवते. पिवळ्या झाडाचं बी वेगळं काढून ठेवलं आहे. पण शेजारीच राणी आहे, पतंगांनी काय करून ठेवलं असेल सांगता येत नाही. पिवळीच येईल याची हमी नाही.

जनुकराव

बेसॉल्ट, चार-पाच बिया लावा आणि कोणते रंग आले ते इथे कळवा. शिंतोड्यांची निघाली तर मला तिचं बी हवं.